बर्फ ते वाफ: आलेख पुस्तकासारखा का येत नाही?

विज्ञानशिक्षिका_सोलापूर

दहावीच्या वर्गाला बर्फापासून वाफेपर्यंतचा तापमान-काळ आलेख प्रत्यक्ष काढून दाखवायचा आहे. साहित्य नेहमीचं: २५० मिलीचं चंचुपात्र, तिवई, तारेची जाळी, स्पिरिटचा दिवा, −१० ते ११० अंशांचा काचेचा तापमापी. बर्फ फॅक्टरीतल्या लादीचा, फोडून घेतलेला.

पात्रात बर्फ शिल्लक असतानाच तापमापी ३-४ अंश दाखवतो, त्यामुळे ० वरची आडवी रेघ मिळत नाही. उकळताना पारा ९८.४ च्या पुढे सरकत नाही, दुसरा तापमापी लावला तरी तेच. शून्याखालचा भाग तर दिसतच नाही.

शिवाय मुलांचा प्रश्न: दिवा जळतोय, उष्णता जातेय, तापमान वाढत नाही, मग ती उष्णता रेणूंचं नेमकं करते काय? रेणूंमधलं अंतर वाढवते असं सांगितलं तर लगेच विचारतात, मग बर्फ पाण्यावर तरंगतो कसा? फळ्यावर तिन्ही अवस्थांची चित्रं कशी काढावीत तेही सांगा. स्थायूत चिकटलेले गोळे, द्रवात जरा सुटे, वायूत अजून जरा सुटे, हे नेहमीचं चित्र मनाला पटत नाही.

उष्मामापी

मॅडम, ९८.४ हे वाचन बरोबर आहे, तापमापी बदलू नका. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब ७६० ऐवजी सुमारे ७२० मिमी पारा भरतो आणि त्या दाबाला शुद्ध पाणी ९८.४ ते ९८.५ अंशांना उकळतं. पुस्तकातला १०० हा आकडा समुद्रसपाटीच्या दाबाचा आहे. पारा १०१ च्या वर गेला तर मात्र शंका घ्या. नव्या गुळगुळीत काचेत बुडबुडा सुरू व्हायला जागा मिळत नाही, पाणी उत्कलनांकाच्या वर तापतं आणि मग एकदम उसळतं. कौलाचे किंवा फुटक्या मातीच्या भांड्याचे दोन-चार खडे सुरुवातीलाच टाका. गरम पाण्यात मागाहून टाकू नका, पाणी अंगावर येतं.

आता ३-४ अंशांची गोष्ट. या वाचनातच पाण्याचं असंगत आचरण लपलेलं आहे. ० पासून ४ अंशांपर्यंत पाणी तापवलं की ते आकुंचन पावतं, जड होतं. म्हणजे तळाशी दिव्याने तापलेलं पाणी वर चढतच नाही, ४ अंश होईपर्यंत तळाशीच बसून राहतं. बर्फ वर तरंगतोय, तापमापीचा फुगा खाली, दोघांची भेटच होत नाही. हे आचरण दाखवायच्या होपच्या उपकरणात खालचा तापमापी ४ अंशांवर थांबतो, त्याचंच हे भावंड. सतत ढवळलंत की ही अडचण संपते.

मांडणी अशी करा. बर्फ जाड फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडा, तुकडे हरभऱ्याएवढे हवेत, मोठे नकोत. चाळणीत निथळून २०० ग्रॅम वजन करून घ्या. फुगा तळापासून २ सेंमी वर, बर्फाच्या मधोमध येईल असा तापमापी स्टँडला बांधा. तो काचेला टेकला तर काचेचं तापमान दाखवेल. ढवळायला वेगळी काचकांडी घ्या, तापमापीने ढवळू नका. ज्योत लहान ठेवा, वाचन दर ३० सेकंदांनी. एवढं केलं तर शेवटचा चमचाभर बर्फ उरेपर्यंत पारा ० ते ०.५ च्या आत राहतो. त्यापुढे बर्फाचा पृष्ठभाग इतका कमी उरतो की दिव्याची उष्णता शोषायला तो पुरत नाही, म्हणून वितळण संपायच्या जरा आधीच पारा चढायला लागतो. आलेखाचा कोपरा गोलसर येतो तो यामुळे.

दिव्याची शक्ती मोजत बसू नका. त्याच दिव्यावर, त्याच ज्योतीवर २०० ग्रॅम पाणी २५ वरून ३५ अंशांवर न्यायला किती वेळ लागतो ते आधी मोजा. हे तुमचं एकक. एक ग्रॅम पाण्याला १० अंशांसाठी १० कॅलरी लागतात, एक ग्रॅम बर्फ वितळायला ८०. म्हणजे २०० ग्रॅम बर्फ वितळायला आठ एककं लागायला हवीत. प्रत्यक्षात थोडी कमी लागतात, कारण सोलापूरची हवाही बर्फाला उष्णता देते. एप्रिल-मेमध्ये हा फरक चांगलाच जाणवतो, म्हणून प्रयोग सकाळच्या तासाला ठेवा. वाफेसाठी सगळं पाणी आटवू नका. उकळी स्थिर झाली की दिवा काढून पात्राचं वजन घ्या, परत उकळवा, पुन्हा वजन घ्या. २० ग्रॅम घट व्हायला ५.४ एककं हा हिशेब आहे, कारण ५४० कॅलरी प्रति ग्रॅम. इथे वेळ जास्त लागतो, कारण पात्र आता खोलीला उष्णता देत असतं. दोन्ही चुका विरुद्ध दिशेच्या का, हे मुलांनाच विचारा.

अप्रकट उष्म्याचा, म्हणजे तापमान न वाढवता अवस्था बदलण्यात जाणाऱ्या उष्णतेचा, शोध लागला तो याच रीतीने. १७६० च्या सुमारास ग्लासगोत जोसेफ ब्लॅक यांनी सारखं थंड पाणी आणि तेवढाच बर्फ एका खोलीत टांगून ठेवले आणि दोघांना लागलेला वेळ ताडून पाहिला.

अक्कलकोट_रोड

उष्णता रेणूंमधलं अंतर वाढवण्यात खर्च होते एवढं सांगितलं तरी दहावीला पुरे. जास्त खोलात गेलं की मुलं गोंधळतात.

रेणू_आणि_बंध

सर, तेवढ्यावर थांबलं तरच मुलं गोंधळतात. कारण बर्फाच्या बाबतीत ते वाक्य चूक आहे. बर्फाची घनता ०.९१७, पाण्याची १. वितळताना आकारमान कमी होतं. अंतर वाढायलाच उष्णता लागली असती तर बर्फ वितळताना उष्णता बाहेर पडायला हवी होती.

नेमकं असं सांगा: उष्णता रेणूंमधलं आकर्षण तोडायला खर्च होते. बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना हायड्रोजन बंधांनी धरून असतो, तेही ठरलेल्या कोनांत. त्या कोनांमुळे षटकोनी कडी तयार होतात आणि कड्यांच्या मध्ये जागा रिकामी राहते. वितळताना काही बंध तुटतात, उरलेले वाकतात, कोनांची शिस्त मोडते आणि रेणू त्या रिकाम्या जागेत सरकतात. म्हणून बंध सैल होऊनही पाणी बर्फापेक्षा दाट. मेण, नॅप्थालीन, बहुतेक धातू यांत अशी पोकळ रचना नसते, तिथे वितळल्यावर आकारमान वाढतं. मेणाचा तुकडा वितळलेल्या मेणात बुडतो, हे बर्फाशेजारी ठेवून दाखवा. दोन्ही पात्रं शेजारी असली की अंतराचा मुद्दा वेगळा आणि बंधांचा वेगळा हे आपोआप कळतं.

किती बंध तुटतात याचा अंदाज आकड्यांतून येतो. एक मोल बर्फ वितळायला ६ किलोज्यूल. त्याच बर्फाचे रेणू पूर्ण सुटे करायला, म्हणजे ० अंशांवर थेट बाष्प करायला, ५१ किलोज्यूल. बर्फाला बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेचा आठवा हिस्सासुद्धा वितळण्यात जात नाही. पाणी हे बरंचसं बांधलेलंच असतं, फक्त बंध सतत तुटतात आणि दुसऱ्या शेजाऱ्याशी जुळतात, तेही सेकंदाच्या लाख-कोटींश भागाच्या आसपास. खरी सुटका उकळताना होते. आलेखातली वरची आडवी रेघ खालच्यापेक्षा जवळजवळ सातपट लांब का, याचं उत्तर इथे आहे.

तापमान का वाढत नाही? तापमान हे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचं माप आहे. बंध तोडताना जी वाढते ती स्थितिज ऊर्जा. ० अंशाचा बर्फ आणि ० अंशाचं पाणी यांत रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच, ९८.५ अंशांचं पाणी आणि त्याच तापमानाची वाफ यांतही सारखीच. वाफेचे रेणू पाण्यातल्या रेणूंपेक्षा जोरात पळतात असं मुलं धरून चालतात, ते खरं नाही. ० अंशांवर पाण्याच्या रेणूचा वेग साधारण ६१५ मीटर प्रति सेकंद, ९८ अंशांना साधारण ७१५. सगळ्या तापवण्यात वेग वाढला तो जेमतेम सहावा हिस्सा.

बाष्पनाच्या २२५७ ज्यूल प्रति ग्रॅमपैकी १७० च्या आसपास ज्यूल बंधांवर खर्चच होत नाहीत. वाफेला जागा करून घ्यायला बाहेरची हवा मागे ढकलावी लागते, त्यात ते जातात. हे पुस्तकात नसतं, हुशार मुलांना जरूर सांगा.

आता फळा. १ ग्रॅम पाणी १ घनसेंमी, त्याची वाफ १६७० घनसेंमी. घनमूळ काढलं तर सुमारे १२. म्हणजे वाफेत रेणूंमधलं अंतर पाण्यातल्यापेक्षा बारापट. रेणूसाठी ५ सेंमीचं वर्तुळ काढलं तर वाफेत दोन वर्तुळांमध्ये ६० सेंमी हवेत. चार बाय आठ फुटांच्या फळ्यावर वाफेचे फक्त आठ रेणू मावतात. बर्फ आणि पाणी यांची चित्रं मात्र गच्चच हवीत. बर्फात षटकोनी कडी मध्ये मोकळी ठेवून, पाण्यात तीच वर्तुळं विस्कटून, थोडी आणखी जवळ. द्रवाचं चित्र अर्धवट विरळ काढायची सवय मोडा. द्रवात रेणू एकमेकांना टेकलेलेच असतात, म्हणून तर द्रव दाबला जात नाही.

वेगाचे बाणही काढा. ० अंशाच्या बर्फात आणि पाण्यात बाणांची लांबी सारखी ठेवा. बर्फातला बाण दुतोंडी, कारण रेणू जागेवर कंप पावतो, थांबलेला नसतो.

विज्ञानशिक्षिका_सोलापूर

बाण सारख्या लांबीचे काढायचे हे फार उपयोगाचं आहे. बुडबुड्यांबद्दलही सांगा. निम्मा वर्ग म्हणतो आत हवा आहे, काहीजण म्हणतात पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतो. आणि शून्याखालचं कसं दाखवू?

उष्मामापी

५०-६० अंशांना काचेला चिकटून येणारे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे. तापमान वाढलं की हवेची विद्राव्यता घटते. खळखळ उकळताना तळातून उठणाऱ्या मोठ्या बुडबुड्यांत फक्त पाण्याचे रेणू असतात. रेणूच्या आतले बंध तुटत नाहीत, रेणू-रेणूंमधले तुटतात. आतल्या ओ-एच बंधाला प्रति मोल ४६० किलोज्यूलच्या आसपास लागतात, हायड्रोजन बंधाला वीस-पंचवीस. दिव्याने पहिला तुटणं शक्य नाही. किटलीच्या तोंडाशी जो दीड-दोन सेंमीचा पट्टा रिकामा दिसतो तिथे खरी वाफ आहे, ती दिसत नाही. त्यापुढचा पांढरा ढग म्हणजे थंड होऊन परत झालेले पाण्याचे थेंब.

शून्याखालसाठी ३ भाग बारीक बर्फ आणि १ भाग मीठ, वजनाने, थर देऊन मिसळा. −१५ पर्यंत सहज जातं. त्यात परीक्षानळी उभी करा, नळीत उकळून गार केलेलं १० मिली पाणी. काचेचा तापमापी पूर्ण गोठू देऊ नका; गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि फुगा फुटू शकतो. स्टीलच्या काडीचा डिजिटल तापमापी घ्या. नळी हलवली नाही तर पाणी बरेचदा −३, −५ पर्यंत द्रवच राहतं, मग बर्फाचा कण टाकताच तापमान उसळून ० वर येतं. थंड मिश्रणात ठेवलेल्या नळीत तापमान वर जाताना पाहणं हा सगळ्यात जोरदार पुरावा: बंध जुळले की ऊर्जा बाहेर पडते. −५ वरून ० वर यायला फक्त ६ टक्के पाणी गोठावं लागतं. राहिलेलं सावकाश गोठतं, तोवर पारा ० वर थांबतो.

पॅन_इनचार्ज

साखर कारखान्यांचा जिल्हा आहे, म्हणून तिथलं उदाहरण देतो. मुलांना वाटतं उकळणं म्हणजे १०० अंश. साखरेचा पाक कमी दाबाखाली आटवायच्या बंद भांड्यात, म्हणजे व्हॅक्यूम पॅनमध्ये, गेजवर ६३५ मिमी व्हॅक्यूम असेल तर, बाहेरचा दाब ७२० मिमी धरून, आत उरतो ८५ मिमी. एवढ्या दाबाला शुद्ध पाणी ४८ अंशांच्या आसपास उकळतं. मॅसिक्विट, म्हणजे साखरेचे दाणे आणि पाक यांचं घट्ट मिश्रण, मात्र ६०-६५ ला उकळतं, कारण साखरेच्या गर्दीत पृष्ठभागावर पाण्याचे रेणू कमी असतात आणि निसटणारेही कमी. शिवाय खालच्या थरावर वरच्या मालाचा दाब असतो. हा खटाटोप एवढ्यासाठी की जास्त तापमानाला साखर फुटते आणि रंग धरते.

दुसरं, वाफेची खरी कमाई द्रव होताना आहे. एक किलो वाफ नळीच्या बाहेरून पाणी झाली की २२०० किलोज्यूलच्या आसपास उष्णता देते, तीही तापमान न बदलता. तीच वाफ १० अंशांनी जास्त तापलेली असली तर वरचे फक्त २० किलोज्यूल. म्हणून जादा तापलेली वाफ बॉडीत, म्हणजे रस आटवायच्या भांड्यात, घेण्याआधी तिच्यात पाणी फवारून संपृक्त करतात. कॅलेंड्रियात, म्हणजे वाफेने तापणाऱ्या नळ्यांच्या भागात, हवा साचली की तापणं मंदावतं. वाफेचे रेणू नळीवर पाणी होऊन खाली जातात, हवेचे तसेच राहतात आणि नळीभोवती थर करतात. नव्या वाफेला त्या थरातून वाट काढत यावं लागतं. हवा बाहेर सोडणारा व्हेंट व्यवस्थित उघडा नसेल तर वाफेचा दाब ठीक दिसतो आणि तरी पॅन ढिम्म.

वर्गात दाखवायला २० मिलीची सुई नसलेली सिरिंज पुरते. ६० ते ७० अंशांचं ५ मिली पाणी ओढा, हवा पूर्ण काढून टाका, तोंडाला रबरी बूच घट्ट लावा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. पाणी उकळतं. सोडला की बुडबुडे जवळजवळ नाहीसे होतात, कारण आत हवा नव्हती, बाष्प होतं. उरलाच बारीक बुडबुडा तर तो विरघळलेल्या हवेचा. पाणी ४० अंशांना आलं की ओढायला जोर जास्त लागतो. हातमोजे घाला, ७० अंशांचं पाणी भाजतं.

जुळे_सोलापूरकर

बाष्पीभवनाला उकळी लागत नाही हेही याच तासात उरका. रेणूंचे वेग एकसारखे नसतात. पृष्ठभागावरचे जास्त वेगाचे निसटतात, उरलेल्यांची सरासरी घटते, पाणी गार होतं. माठातलं १० लिटर पाणी ३८ वरून २८ अंशांवर आणायला हिशेबाने १७० ग्रॅमच्या आसपास पाणी उडावं लागतं. बाहेरची उष्णता आत येत राहते म्हणून प्रत्यक्षात बरंच जास्त. मेमध्ये ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना ओल्या फुग्याचा तापमापी (फुग्यावर ओलं फडकं गुंडाळलेला) २४ च्या आसपास असतो, म्हणून कूलर २७-२८ ची हवा देतो. जुलैत ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला तो आकडा २६ वर येतो आणि कूलर निरुपयोगी होतो: जितके रेणू उडतात त्यातले बरेच परत येतात. बोअरच्या जड पाण्याने माठाची छिद्रं क्षारांनी बुजतात. बाहेरून पांढरा थर दिसला की काथ्याने घासा, साबण लावू नका. रंगवलेला माठ तर गार करूच शकत नाही.

विज्ञानशिक्षिका_सोलापूर

संप्लवनासाठी, म्हणजे स्थायूचं थेट बाष्प होणं दाखवायला, नवसागर तापवून दाखवायची पद्धत आहे. तेच ठेवू ना?

रेणू_आणि_बंध

नवसागर नको. अमोनियम क्लोराइड तापवलं की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात आणि वर गार भागात ते परत एकत्र येऊन पांढरा थर बसतो. दिसतं संप्लवनासारखं, पण ती रासायनिक अभिक्रिया आहे. रेणू तसाच राहून अवस्था बदलते हे शिकवताना नेमकं हेच उदाहरण उलटं पडतं.

कापूर घ्या. चिनी मातीच्या बशीत ५ ग्रॅम चुरा, वर पालथं नरसाळं, नळीच्या तोंडाला कापसाचा सैल बोळा, बाहेरून नरसाळ्यावर ओलं फडकं. बशी वाळूवर ठेवून मंद तापवा. उघडी ज्योत कापराच्या बाष्पाला लागता कामा नये, ते लगेच पेट घेतं. कापूर १७५ अंशांच्या पुढे वितळतो, त्याच्या बराच खाली त्याचे रेणू सरळ बाष्पात जातात, कारण त्याचा जवळजवळ गोल रेणू शेजाऱ्यांना फारसा घट्ट धरत नाही. आरती झाल्यावर संपणारा कापूर मात्र जळून संपतो, उडून नव्हे. मुलं हे दोन्ही एकच समजतात.

घरी करायला चादरींच्या कपाटातली डांबराची, म्हणजे नॅप्थालीनची, गोळी. ०.१ ग्रॅम अचूकतेच्या काट्यावर आठवड्याला वजन, एक गोळी सावलीच्या खोलीत, एक पत्र्याखालच्या गरम खोलीत. २५ वरून ४० अंशांवर नॅप्थालीनचा बाष्पदाब सुमारे चौपट होतो, वजनाची घटही त्याच सुमाराने वाढायला हवी. द्रवणांक ८० अंश, त्यामुळे कुठेही ओल दिसणार नाही. गोळ्या बंद खोलीत झोपायच्या जागी ठेवू नका आणि लहान मुलांपासून लांब ठेवा. जी-सिक्स-पी-डी विकराची कमतरता असलेल्या मुलांत नॅप्थालीनच्या बाष्पानेही रक्तपेशी फुटतात.